ग्राहक घरी नव्हता

मंगळवारी संध्याकाळी 6 वाजून 42 मिनिटांनी मला मेसेज आला की, ग्राहक घरी उपलब्ध नसल्यामुळे आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. हा मेसेज मी घरातच, दारापासून चार पावलांवर बसून वाचला. सकाळी 9 पासून मी तिथेच होतो. बेल ऐकू यावी म्हणून पंखा एकवर ठेवला होता. मिक्सर लावू दिला नव्हता, म्हणून इडल्या चटणीशिवाय खाल्ल्या. आंघोळ तर बाथरूमचं दार किलकिलं ठेवून केली. इतका घरी मी लॉकडाऊनमध्येही नव्हतो.

झालं होतं एवढंच, की सोमवारी सकाळी इंटरनेटच्या डब्यावरचा 'एलओएस' नावाचा दिवा लाल झाला. म्हणजे सिग्नल येत नाही. फोन केला. बाईंनी बंद करून चालू करायला सांगितलं. केलं. 30 सेकंद थांबून केलं, पिन काढून केलं. शेवटी त्यांनी तक्रार क्रमांक दिला आणि विचारलं, "और कोई सहायता कर सकती हूँ?" 'और' या शब्दाचा अर्थ त्यांना माहीत नसावा.

खरी गंमत (तेव्हा ती गंमत नव्हती) सुरू झाली मंगळवारी, त्या मेसेजनंतर. आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. टेलिफोन खात्यात 34 वर्षं काढून निवृत्त झालेले. बायको भाजी घेऊन येताना जिन्यात त्यांना म्हणाली, "आमची लाईन गेलीय हो." आमच्या घरात 'नेट गेलं' म्हणतात. नेमकं त्याच दिवशी तिच्या तोंडून 'लाईन' का निघालं, देव जाणे. दहा मिनिटांत काका दारात हजर. शर्टाच्या खिशात टेस्टर, हातात विजेरी. बेल मात्र त्यांनी अशी वाजवली की माझ्या मनात आलं, आलाच कंपनीचा माणूस.

"टोन येतोय का?" चपला काढता काढता काकांनी विचारलं.

"काका, हे इंटरनेट आहे. याला टोन नसतो."

"मग चालू आहे हे कळतं कशावरून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

"बरं, जोडी कुठून आलीय?"

"जोडी नाही, काका. एकच तार आहे. तार पण नाही, काच आहे आत. केसाहून जरा जाड."

काका सोफ्यावर टेकले. "एकच? आवाज जाणार तिच्यातून, मग परत येणार कशातून?"

आता हे मी आदल्याच रात्री मोबाईलवर वाचलं होतं. दुसरं करायला होतंच काय? त्यामुळे मी ताज्या विद्वत्तेने सांगितलं, की आपल्याकडून जाणारा उजेड 1310 नॅनोमीटरचा, तिकडून येणारा 1490चा. दोन्ही एकाच काचेतून समोरासमोर जातात, पण धडकत नाहीत.

काकांनी क्षणभर विचार केला. "कल्याण-शीळ रोडवर जमवून दाखव म्हणावं."

मग त्यांनी विजेरी मारून डबा वरून-खालून पाहिला, भिंतीवर टकटक केलं आणि निदान सांगितलं. "ओल आहे."

काकांच्या मते जगातला कुठलाही बिघाड शेवटी ओलच असतो. 34 वर्षांत त्यांनी जमिनीखाली पाणी शिरलेल्या केबली पाहिल्या, त्याचा हा परिणाम. मागे सेक्रेटरींचा गुडघा दुखत होता, तेव्हाही त्यांनी ओलच सांगितली होती. पण त्यांना हसायची माझी हिंमत होत नाही, कारण मला त्यांचा जमाना आठवतो. फोनसाठी नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं थांबायची आणि फोन लागला की गल्लीत पेढे वाटायची. 15 ऑगस्ट 1995 ला देशात सर्वांसाठी इंटरनेट आलं, ते याच लोकांच्या तांब्याच्या तारांवरून. आमच्याकडे ते यायला आणखी काही वर्षं गेली. मोडेम मांजरं भांडल्यासारखा ओरडायचा, आणि आत्याने आतल्या खोलीतला फोन उचलला की सगळं तुटायचं. पण तेव्हा फोन बिघडला तर शिव्या द्यायला एक्स्चेंज नावाची खरीखुरी इमारत होती. आता शिव्या द्यायला 9 दाबावं लागतं, आणि 9 दाबल्यावर सनई लागते.

बायकोने तोवर थालीपीठ आणलं. वर लोण्याचा गोळा. खाता खाता काका रंगात आले. "आमच्या फोनला घरची वीज लागायची नाही. गावभर अंधार असला तरी फोन चालू. 48 व्होल्ट आमचे, एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांचे. लाईन जिवंत आहे का बघायचं तर मी बोट ओलं करून तारेला लावायचो. मुंगी चावल्यासारखं व्हायचं. पण नेमका तेव्हाच कुणी फोन केला की रिंगचा 75चा झटका! घंटा नंतर, आधी मी वाजायचो."

आणि आठवणीच्या भरात म्हणा, सवयीने म्हणा, काका उठले, डब्यामागची हिरवी पिन त्यांनी खसकन ओढली, बोट चाटलं आणि पिनेच्या टोकावर टेकवलं.

"काका!" बायको ओरडली.

"काही नाही," काका निराशेने म्हणाले. "लाईन मेलीय." आणि पिन परत खोचून उरलेलं थालीपीठ संपवलं.

मी पुन्हा तक्रार केली. बुधवार गेला, गुरुवार गेला. ऑफिसचं काम मोबाईलच्या जोरावर चाललं होतं. मीटिंगमध्ये माझा चेहरा एकदा शिंकेच्या आधी गोठला, तो 11 मिनिटं तसाच होता, आणि साहेबांनी नंतर मुद्दाम सगळ्यांना त्याचा फोटो पाठवला.

शुक्रवारी दुपारी कंपनीचा पोरगा आला. पाठीवर सॅक, बिचारा घामाने निथळत. काका त्याच्या मागोमाग. पोराने पिन काढून मीटरला लावली.

"पॉवर मायनस 31 येतेय. 27पर्यंत चालते."

"मायनस?" काकांचे डोळे चमकले. "आमची पण मायनसच असायची. मायनस 48. कशासाठी माहितीय? तांबं गंजू नये म्हणून. ओलीसाठी!"

पोराने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"साहेब, तुमच्या एरियाचा फॉल्ट आम्ही बुधवारीच काढला. सगळ्यांचं चालू झालं. तुमचीच कशी बंद?" त्याने पिनेचं टोक एका छोट्या दुर्बिणीखाली धरलं. "टोकावर तेलकट काहीतरी आहे. कुणी बोट लावलं होतं का?"

घरात शांतता पसरली. या काचेत उजेडाची वाट 9 मायक्रॉनची असते, आणि त्या वाटेवर आमच्या थालीपिठावरचं लोणी तीन दिवस बसून होतं. बायको स्वयंपाकघरात गेली. हसायला गेली, हे मला तिच्या पाठीवरून कळलं. पोराने पिनेवर हाऽ केलं, शर्टाच्या टोकाने ती पुसली आणि खोचली. मायनस 19. दिवा हिरवा.

"हाऽ केलंन ना त्याने?" काका मला म्हणाले. "म्हणजे ओलच."

काकांना मी काही बोललो नाही. वडिलांच्या वयाचे आहेत. पण मंगळवारी मी घरी होतो. तो मुलगा, किंवा दुसरा कुणी, तेव्हा खरंच आला असता तर ही लोण्याची भानगडच झाली नसती. पाच दिवसांचे पैसे मागितले. महिन्याचे 699 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 824 रुपये 82 पैसे. त्यातले पाच दिवसांचे 137 रुपये 47 पैसे. बाई म्हणाल्या, "सर, वो तो कस्टमर साईड इश्यू था." मंगळवारी घरी नसलेला ग्राहक शुक्रवारी एकदम दोषी म्हणून सापडला. पोराला मात्र मी पाच तारे दिले, कारण चार दिले तर पगार कापतात म्हणाला.

संध्याकाळी नेट लावून बसलो, तर सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज. 'बी विंग, तिसरा मजला, येथील ओलीचा प्रश्न आज मी स्वतः लक्ष घालून सोडवला.' खाली 22 जणांचे हात जोडलेले. त्याखाली सेक्रेटरी मला उद्देशून विचारत होते, की भिंत कुठली, आणि टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचे माझे पैसे कधी येणार.