कुत्र्याची गोष्ट

आमच्या सोसायटीत महिन्यातून एका शनिवारी गच्चीवर सिनेमा दाखवतात. टाकीच्या भिंतीला पांढरा रंग दिलाय, तोच पडदा. सिनेमा कोणी निवडायचा, हे फ्लॅट नंबरप्रमाणे ठरतं, त्यामुळे माझी पाळी तीन वर्षांनी आली. मी निवडला २०१२ सालचा 'सेव्हन सायकोपॅथ्स'. मला तो फार आवडतो. आवडत होता, असं म्हणतो.

चेअरमनकाकांचा फोन आला. नोटीस लावायची होती.

"प्रकार कोणता?"

"विनोदी."

"विषय?"

इथे मी अडखळलो. लॉस अँजेलिसमधल्या एका दारूबाज पटकथालेखकाला पटकथेचं फक्त नाव सुचलंय, 'सात सायकोपॅथ', म्हणजे सात माथेफिरू. पुढे कोरा कागद. त्याचा मित्र लोकांची कुत्री पळवतो आणि त्याचा म्हातारा जोडीदार ती परत नेऊन देऊन बक्षीस घेतो. एकदा ते एका गुंडाचा लाडका शित्झू कुत्रा उचलतात. मग माणसं मरायला लागतात, आणि जे जे घडतं ते त्या पटकथेत जाऊन बसतं, म्हणजे आपण बघतोय त्याच सिनेमात. एवढं सगळं चेअरमनकाकांना फोनवर कसं सांगणार?

"कुत्र्याची गोष्ट आहे," मी म्हणालो.

दोन्ही उत्तरं कोर्टातसुद्धा टिकली असती. पण नोटीस बोर्ड मी वाचत नाही (त्यावर थकबाकीदारांची नावं असतात), म्हणून शनिवारी गच्चीवर गेल्यावरच मला कळलं की खाली काय लागलं होतं: 'विनोदी इंग्रजी चित्रपट. कुत्र्याची गोष्ट. लहान मुलांना जरूर आणावे.' शेवटचं वाक्य काकांच्या पदरचं.

गच्ची भरली होती. आज्या नातवंडांना घेऊन चटया टाकून बसल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई त्यांच्या लाडूला स्वेटर घालून घेऊन आल्या होत्या. लाडू पॉमेरेनियन आहे. आमच्याकडून भेळ गेली होती. "मुलांसाठी जरा..." एवढं मी म्हणेपर्यंत दिवे गेले, आणि पहिल्या पाच मिनिटांत दोन भाडोत्री मारेकरी डोळ्यात गोळी कशी घालतात यावर गप्पा मारता मारता स्वतःच डोक्यात गोळी लागून पडले. मारणाऱ्याने प्रेतांवर चौकटचा गुलाम टाकला. नातवंडांना ते भलतंच आवडलं. आज्यांनी त्यांना बखोटीला धरून खाली नेलं. जिन्यात त्या काय म्हणाल्या, ते मी ऐकलंय.

उरलेल्यांनी सिनेमा पाहिला. पण खरा ताप नंतरचा.

पुण्यात सिनेमा संपल्यावर लोक घरी जात नाहीत. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासून फिल्म अर्काइव्ह आहे, त्यामुळे दर बिल्डिंगमागे चित्रपट रसास्वादाचा कोर्स केलेला एक तरी गृहस्थ सापडतो. आमचा चौथ्या मजल्यावर राहतो. "स्वतःकडेच बघणारी कलाकृती आहे ही," तो म्हणाला आणि पुढची दहा मिनिटं स्वतःकडेच बघत बोलला. त्याला सिनेमा आवडला की नाही, हे अजून कळलेलं नाही.

पुरुषोत्तम करंडकात दोन वर्षं काम केलेल्या मुलाने हात उडवला. "लेखकच पात्र, आणि पात्रं लेखकाला येऊन भेटतात. आम्ही हे फर्स्ट इयरला केलंय. तेव्हाही कोणाला कळलं नव्हतं."

"फर्स्ट इयर कसलं!" तळमजल्यावरचे आप्पा म्हणाले. आप्पा पंच्याऐंशीचे, नाट्यसंगीतवाले. "सूत्रधार आणि नटी येऊन आज कोणतं नाटक करायचं ते प्रेक्षकांसमोरच ठरवत नसत का? किर्लोस्करांचं शाकुंतल, १८८० साली, इथे पुण्यात! आणि त्यात पदं होती." सिनेमात पदं नसल्याबद्दल सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी सावरायला गेलो, तिथे चुकलो. मी एक शब्द वापरला. मुद्दाम.

"दुसऱ्या भागात काही घडतच नाही हो," सेक्रेटरी म्हणाल्या. "वाळवंटात जाऊन नुसते बोलत बसतात."

"ते मुद्दाम आहे. त्या लेखकाला गोळीबाराचा शेवट नकोच असतो. तो म्हणतोच तसं."

"आणि बायकांना काही कामच नाही. येतात, मरतात."

"तेही मुद्दाम. तो म्हातारा, ख्रिस्तोफर वॉकनने केलेला, लेखकाला हेच सुनावतो की तुला बायका लिहिता येत नाहीत. सिनेमात जनावर मारायचं नसतं, बाई चालते, असा टोमणासुद्धा आहे त्यात."

"लाडू, ऐकलंस?" ताई म्हणाल्या. त्या पूर्ण वेळ फक्त कुत्र्याकडे बघत होत्या. कुत्र्याला काही होत नाही, म्हणून त्यांच्या लेखी सिनेमा सुखान्त. एवढी एक पावती मला मिळाली.

सेक्रेटरी मात्र हटेनात. "म्हणजे चूक त्यांना माहीत होती?"

"हो."

"तरी केली?"

"चूक दाखवून केली, म्हणून तर गंमत."

"म्हणजे आपल्या ऑडिटसारखं," चेअरमनकाका समाधानाने म्हणाले. "आक्षेप मान्य, दुरुस्ती नाही."

हसू नका, मला ही तुलना अजून खोडता आलेली नाही. सिनेमाचा लेखक-दिग्दर्शक मार्टिन मॅकडोना हा मुळात नाटककार. स्वतः मार्टिन असून नायकाचं नाव मार्टी ठेवतो आणि प्रेक्षकाच्या तोंडातली प्रत्येक तक्रार आधीच काढून घेतो. त्यावर हसायचं की पैसे परत मागायचे, हे ज्याने त्याने ठरवावं. (पैसे घेतले नव्हते. तरी दोघांनी मागितले.)

तो शब्द मात्र सोसायटीत राहिला. सोमवारी सकाळी टाकी अर्धा तास भरून वाहत होती. मी वॉचमनला हटकलं, तर तो म्हणाला, "मुद्दाम आहे सर." पार्किंगमध्ये माझ्या गाडीमागे आडवी गाडी लावणाऱ्या करंडकवाल्याने तर हा शब्द उच्चारताना डोळा मारला. मेन्टेनन्सच्या बिलात माझ्या नावावर दोनशे रुपये जास्त आले. मी विचारायलाही गेलो नाही.

वाईट एवढंच वाटतं की सिनेमाचा सगळ्यात चांगला तुकडा कोणी पाहिलाच नाही. तो शेवटच्या नामावलीच्या मध्ये येतो. टॉम वेट्सने केलेला एक सायकोपॅथ आहे, पांढरा ससा घेऊन हिंडणारा. आपली गोष्ट वापरायला देताना त्याने लेखकाकडून वचन घेतलेलं असतं की जुन्या मैत्रिणीसाठी निरोप सिनेमात घालशील. सिनेमा बघून तो फोन करतो: निरोप कुठाय? मंगळवारी येऊन तुला मारणार. प्रेक्षकाची तक्रार, तीही सिनेमातच! पण नामावली सुरू होताच खुर्च्या दुमडल्या गेल्या, मला आप्पांनी शाकुंतलावर धरून ठेवलं होतं, आणि पडद्यासमोर तेव्हा एकही माणूस उरला नव्हता.

इथवर लिहून मी कागद बायकोला वाचायला दिले. ती सहसा कौतुक करते. या वेळी तिने शेवटच्या ओळीखाली पेनाने रेघ मारली.

"मी होते."

"कुठे?"

"पडद्यासमोर. भेळेच्या बश्या गोळा करत होते. सत्तावीस होत्या. हातातल्या बश्या तशाच धरून उभी राहिले मी तेवढ्यापुरती." मग तिने मागची पानं उलटली. "'आमच्याकडून भेळ गेली.' आपोआप गेली का?"

मी तोंड उघडलं.

"मुद्दाम म्हणू नकोस," ती म्हणाली. "आणि ते सायकोपॅथ सात नाहीत. मी मोजले. कुत्री पळवणारा आणि पत्ते टाकणारा एकच आहे, त्याला दोनदा धरलाय. सहाच भरतात."

"मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"विचारलं कोणी?" तिने पेन माझ्यापुढे सरकवलं. "लिही. मला आवडला. सशावाला सगळ्यात जास्त. तो मंगळवारी येणार होता, मग फोनवर लेखकाचा आवाज ऐकून म्हणाला, राहू दे."