स्कूबाचा बिनमंजुरीचा सिलिंडर आणि ‘आत फक्त हवाच तर आहे’ हा युक्तिवाद

सध्या व्हॉट्सअॅपवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. स्कूबाचे, म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायचे, जुने, चाचणीची मुदत उलटलेले किंवा परदेशातून आणलेले बिनमंजुरीचे सिलिंडर भरून द्यायला डायव्हिंग केंद्रे विनाकारण नकार देतात, अशी त्यातली तक्रार आहे. आत फक्त हवा असल्याने गॅस सिलिंडरचा कायदा लागू होत नाही, अॅल्युमिनियम गंजत नसल्याने चाचणीची गरज नाही, शंका असेल तर सिलिंडर पाण्याच्या पिंपात ठेवून कमी दाबाने भरावा, व्हॉल्व्ह खराब असेल तर दुसऱ्या सिलिंडरचा बसवावा आणि मालक ‘माझ्या जबाबदारीवर’ असे लिहून देत असेल तर भरणाऱ्याने अडवू नये, असे त्यात ठासून सांगितले आहे. माझा भाचा मालवणजवळ सिलिंडर भरण्याचेच काम करतो. एका ग्राहकाने हा संदेश त्याच्यासमोर धरून ‘आता तरी भर’ असा आग्रह केला, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग पडले.

कायद्याबद्दल संदेशात जे लिहिले आहे ते लिहिणाऱ्याने कायदा उघडूनही पाहिलेला नाही. आपल्याकडे या विषयाला गॅस सिलिंडर नियम, 2016 लागू होतात. ते 1884 च्या स्फोटकविषयक कायद्याखाली केलेले आहेत आणि त्यांची अंमलबजावणी नागपुरात मुख्यालय असलेली ‘पेसो’ (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना) ही केंद्रीय संस्था करते. या नियमांत सिलिंडरची व्याख्या करताना आतला वायू पेट घेतो की नाही हे विचारलेलेच नाही. 500 मिलिलिटरपेक्षा जास्त आणि 1000 लिटरपर्यंत क्षमतेचे, दाबाखालचा वायू साठवण्यासाठी बनवलेले बंद धातूचे पात्र म्हणजे सिलिंडर. आणि स्कूबाच्या नेहमीच्या अॅल्युमिनियम सिलिंडरची क्षमता सुमारे 11 लिटर असते. ज्या वायूचे क्रांतिक तापमान (ज्याच्या वर कितीही दाबले तरी वायूचा द्रव होत नाही ते तापमान) उणे 10 अंश सेल्सिअसच्या खाली आहे असे सगळे वायू या नियमांच्या एका वर्गात येतात, आणि हवेचे क्रांतिक तापमान उणे 140 अंशांच्या आसपास आहे, म्हणजे हवाही त्यात आलीच. नियम 3 प्रमाणे सिलिंडर आणि त्याचा व्हॉल्व्ह ठरलेल्या मानकानुसार बनलेले नसतील व त्यांच्या तपासणीच्या दाखल्यांवर पेसोच्या मुख्य नियंत्रकांची पूर्वमान्यता नसेल, तर तो सिलिंडर भरता येत नाही. भरलेला बाळगता किंवा वाहून नेताही येत नाही. याखेरीज ठरलेल्या मुदतीत जलदाब चाचणी (सिलिंडरमध्ये पाणी भरून जादा दाब देऊन केलेली परीक्षा) झालेली नसेल, तर मंजूर सिलिंडरही भरायला मनाई आहे. ‘हवा म्हणून सूट’ या म्हणण्याला या तरतुदींत कोठेही आधार नाही.

एक अर्धसत्य मात्र मान्य करावे लागते. अमेरिकेतील केंद्रीय नियम प्रामुख्याने व्यापारी वाहतुकीशी बांधलेले आहेत, त्यामुळे तेथे एखाद्याने घरच्या कंप्रेसरवर स्वतःचाच सिलिंडर भरला तर ते नियम थेट आड येत नाहीत. आणि तेथील वार्षिक दृश्य तपासणी ही कायद्यापेक्षा व्यवसायाची रूढी आहे. संदेशातला मजकूर बहुधा तेथूनच उचललेला असावा. पण म्हणून तो मालवणात किंवा गोव्यात लागू होत नाही, आणि अमेरिकेतही दर पाच वर्षांची चाचणी रद्द झालेली नाही.

अॅल्युमिनियम पोलादासारखे गंजत नाही, हेही खरे. पण चाचणी केवळ गंजासाठी नसते. 1980 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत 6351 या क्रमांकाच्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचे सिलिंडर मोठ्या संख्येने बनत होते. सततच्या दाबाखाली त्यांच्या मानेतल्या आट्यांजवळ बारीक तडे पडतात आणि हळूहळू वाढत जातात. त्यातले काही सिलिंडर भरताना फुटले, माणसे जखमी झाली आणि मेलीही. म्हणूनच अमेरिकेच्या परिवहन खात्याने 2006 मध्ये अशा स्कूबा सिलिंडरच्या मानेची खास विद्युत तपासणी बंधनकारक केली. हे तडे बाहेरून दिसत नाहीत. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या सिलिंडरचा तर अधिकच संशय घ्यावा, कारण कोणी त्याला भट्टीत तापवून पावडर कोटिंग केले असेल तर त्या उष्णतेने धातूचे बळच कमी झालेले असू शकते.

पाण्याच्या पिंपाने उष्णता थोडी कमी होते, एवढाच त्याचा उपयोग. सिलिंडर फुटला तर पाणी त्याला अडवत नाही, उलट ओल्या जोडणीतून पाणी आत जाण्याची शक्यता वाढते. आणि कमी दाब म्हणजे किती, हे चाचणीशिवाय कोण ठरवणार?

व्हॉल्व्ह बदलण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो करून पाहिला तर सुरुवातीला सगळे नीट झाले असेच वाटते. जगभर सिलिंडरच्या मानेला एकच माप नाही. पाऊण इंची आट्यांचा बाह्य व्यास सुमारे 26.4 मिलिमीटर असतो, मेट्रिक आट्यांचा 25. मेट्रिक व्हॉल्व्ह पाऊण इंची मानेत फिरतो, बसतो, थोडा दाबही धरतो. पण आटे पूर्ण गुंतलेले नसतात. दाब चढू लागला की तो गोळीसारखा सुटतो, आणि त्याच्या वाटेत भरणारा असतो.

‘माझ्या जबाबदारीवर’ या चिठ्ठीचा खोटेपणाही येथेच उघड होतो. 207 बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशे पट, भरलेल्या 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये सुमारे 2300 लिटर हवा कोंबलेली असते आणि हात राखून हिशेब केला तरी तिची ऊर्जा टीएनटी या स्फोटकाच्या 100 ग्रॅमच्या घरात जाते. सिलिंडर भरला जात असताना, म्हणजे धोका सर्वांत जास्त असताना, मालक बहुतेकदा किनाऱ्यावर चहा घेत असतो. कंप्रेसरशेजारी उभा असतो तो रोजंदारीवरचा मुलगा, आणि त्याच्यामागे रांगेत इतर सिलिंडर व इतर माणसे. त्यांच्यापैकी कोणीही त्या चिठ्ठीवर सही केलेली नसते. कायद्याने भरणाऱ्यालाही मनाई केली आहे, त्यामुळे ग्राहकाच्या सहीने भरणाऱ्याचा गुन्हा पुसला जात नाही. तरीही संदेश पाठवणारे नकार देणाऱ्या मुलालाच अडेलतट्टू ठरवतात, याचा मला संताप येतो.

ज्याला आपला सिलिंडर वापरायचा आहे त्याने तो पेसोची मान्यता असलेल्या चाचणी केंद्रात न्यावा. मूळ मंजुरीच नसलेल्या परदेशी सिलिंडरला नुसत्या चाचणीने मंजुरी मिळत नाही, हे खरेदीपूर्वीच ध्यानात घ्यावे. आणि चाचणीत नापास झालेला सिलिंडर पुन्हा कोणी भरू नये म्हणून तो कापून किंवा चेपून निकामी करण्याची तरतूद नियमांत आहे. तसा सिलिंडर ‘दुरुस्त करून’ स्वस्तात विकायला कोणी आणला, तर तो घेऊ नये.