आधी तुकडा, मग गोळ्या

नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एकच धुमश्चक्री चालू आहे. भावजींची किडनी बदललेली, आता मानेत गाठ आलीय आणि ताप हटत नाही. सांगलीच्या काकांचा निकाल तयार: "टीबीच असणार, गोळ्या चालू करा. गाठीला सुई लावली की पसरतं. आणि बायोप्सी म्हणजे डॉक्टरांचं कमिशन." खाली अंगठ्यांची रांग.

कट प्रॅक्टिस आहे, मान्य. पण म्हणून गाठ न तपासताच औषध?

मी अमेरिकेत पिट्सबर्गला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. याच गावात प्रत्यारोपणाचे सर्जन थॉमस स्टार्झल यांच्या चमूने 1984 साली दाखवून दिलं, की प्रत्यारोपणानंतर उठणारे काही लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचे कर्करोग, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केली तरी विरतात. त्यांतल्या बहुतेकांमागे एप्स्टाइन-बार विषाणू असतो. तो जवळजवळ प्रत्येकाच्या अंगात जन्मभर मुक्कामाला असतो, पहारा ढिला पडला की डोकं वर काढतो. मर्केल पेशींच्या (त्वचेच्या) कर्करोगातला विषाणूही युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांना 2008 साली इथेच सापडला. हे ग्रुपवर टाकलं, कुणी वाचलंसुद्धा नाही.

लिम्फोमा निघाला तर टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, कमी करायचं. टीबी निघाला आणि त्यावरचं रिफॅम्पिसिन दिलं, तर तेच टॅक्रोलिमस रक्तात इतकं घसरतं की शरीर किडनी नाकारेल अशी भीती, म्हणून डोस वाढवावा लागतो. उपचार एकमेकांच्या उलटे. काका, किडनी कुणाची पणाला लावताय? त्यात मध्येच कुणी स्टेरॉइड वाढवलं तर लिम्फोमा तात्पुरता दबतो आणि नमुन्यात धड काही सापडत नाही.

सुईवरून भांडण आहे ना, मग नुसती सुई नकोच. जमत असेल तर अख्खी गाठ काढा. लिम्फोमाला चार सुट्या पेशी पुरत नाहीत. मग ईबरची तपासणी, म्हणजे त्या तुकड्यातच एप्स्टाइन-बार विषाणूचा माग काढायचा. गुलाबी पार्श्वभूमीवर विषाणू असलेल्या पेशींची केंद्रकं काळपट निळी उठलेली दिसतात. रक्तात विषाणू वाढलाय एवढ्यावर निदान होत नाही. हे मुंबईत टाटामध्येही होतं, त्यासाठी अमेरिका लागत नाही.

इथे ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) कुरिअरने जातात, तिकडे नातेवाईकच तो मेणाचा ठोकळा पिशवीत घालून लॅबमागून लॅब फिरतात, हेही मी ऐटीत लिहिलं. (स्कॅनला विमा कंपनीची मंजुरी मिळेपर्यंत इथले पेशंट कसे ताटकळतात, ते लिहिलं नाही.)

काकांचं उत्तर आलं: "तुला तिकडे बसून सांगायला काय जातं?"

काही जात नाही, खरंच. आईच्या आजारपणात रांगेत टोकन धरून ताई बसायची. मला रिपोर्टचे फोटो यायचे, आणि फोटो हलला म्हणून मी तिच्यावर चिडायचे. आता भावजींचा ब्लॉक घेऊन परळला कोण जाणार, असं मी विचारलेलं नाही. "तू ये ना" म्हणतील, आणि माझी रजा संपलीय.