सीट कव्हरखाली दाबलेले बेल्ट

गेल्या रविवारी दादाच्या गाडीत मागच्या सीटच्या फटीत हात घालून अर्धा तास बसले होते. कव्हर बसवणाऱ्याने मागच्या तिन्ही बेल्टची बकलं खाली दाबून वरून रेक्झिन ताणून बसवलं होतं. गाडी घेऊन चार वर्षं झाली. एवढ्या दिवसांत ती बकलं वर काढावीत असं घरात कुणाला वाटलं नाही, मलाही नाही. बोटं सोलली, पण निघाली एकदाची. सोबत शेंगदाण्याची टरफलं आणि भाचीची हरवलेली क्लिप.

आत्ताच का सुचलं? मागच्या महिन्यात साताऱ्याहून पुण्याला येताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावर उतारावर पुढच्या टेम्पोने कचकन ब्रेक मारला. दादानेही मारला. गाडीला ओरखडासुद्धा नाही. पण मागे बसलेली आई पुढच्या सीटवर तोंडावर आपटली. चष्मा मोडला, ओठाला दोन टाके. नुसत्या ब्रेकने! पुढे दादा-वहिनीला काही झालं नाही, कारण त्यांचे बेल्ट होते. तेही 'पुढे मामा उभे असतील' म्हणून लावलेले.

आपण मागे कुणाला बसवतो हो? आईला, आजीला, लेकरांना, पाहुण्यांना. 'तुम्ही मागे ऐसपैस बसा' म्हणतो. सगळ्यात जपायची माणसं, आणि बेल्ट त्यांनाच नाही.

कायदा नवा नाही. पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीपासून दंड १००० रुपये, आणि १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तरी तेवढाच. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री बसलेली गाडी कठड्यावर आदळली. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. मिस्त्रींसह मागचे दोघे बेल्टशिवाय होते, ते गेले. गाडी मर्सिडीज होती. त्याआधी ३ जून २०१४ ला दिल्लीतल्या अपघातात गोपीनाथ मुंडेसाहेब गेले. तेही मागच्याच सीटवर, बेल्टशिवाय. मंत्रिपदाची शपथ घेऊन आठवडा झाला होता. तेव्हा अख्खा महाराष्ट्र रडला, पण बकलं कव्हरखालीच राहिली. केंद्र सरकारच्या अहवालात २०२२ साली बेल्ट न लावलेल्या मृतांचा आकडा १६,७१५ आहे. त्यातले ८,३३१ चालक नव्हते, नुसते बसलेले होते.

'गावातल्या गावात कशाला बेल्ट?' हे आमच्याकडचं ठरलेलं वाक्य. ताशी ५० च्या वेगातली गाडी जागीच थांबली, तर आतल्या माणसाला बसणारा दणका तिसऱ्या मजल्यावरून पडल्याइतका असतो. मांडीवरचं बाळ त्या दणक्यात कुठल्याही आईच्या हातात राहत नाही. आणि मागचा माणूस मोकळा असेल तर तो पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो, म्हणजे पुढच्याचा बेल्टही अर्धाच कामाचा.

वहिनीला सातवा महिना आहे. 'पोटावर दाब येईल' म्हणून काकू तिला बेल्ट लावू देत नव्हत्या. खालचा पट्टा पोटावरून घ्यायचाच नसतो. तो पोटाखालून, कमरेच्या हाडांवरून घ्यायचा आणि वरचा छातीच्या मधून पोटाच्या कडेने. दोनदा लावून दाखवल्यावर काकूंनाही पटलं. गरोदर बायकांच्या घरच्यांनी हे खरंच शिकून घ्या.

मला सगळ्यात चीड येते ती बीप बंद करायला बकलात खोचतात त्या क्लिपची. २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन कंपन्यांना त्या विक्रीतून काढायला लावल्या. घरात एखादी असेल तर आजच फेकून द्या. आणि भाड्याची गाडी बोलावलीत तर बसायच्या आधी मागची बकलं बघा. नसतील तर ड्रायव्हरदादांना काढून द्यायला सांगा, त्यात अपमान कुणाचाच नाही.

येत्या शनिवारी वाईला जायचंय. माणसं सहा, बेल्ट पाच. दरवेळी भाची कुणाच्या तरी मांडीवर बसायची. यंदा तिची वेगळी सीट ठरली आहे आणि मी स्वारगेटहून एसटीने जाणार आहे.