निकालाच्या दिवशी सर्व्हर का झोपतो

लातूर-नांदेडच्या कॉलेजांत सर्व्हर सांभाळणाऱ्यांना प्रशिक्षण द्या, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं पटलं. पण सुरुवात फायरवॉलपासून (बाहेरचे हल्ले अडवणाऱ्या भिंतीपासून) नको, मेमरीच्या हिशेबापासून करा. ४ जीबीच्या मशीनवर डेटाबेस नि सिस्टीमचे दीड जीबी वजा जाता अडीच उरतात. अपाचे म्हणजे वेबसाइटची पानं पुरवणारं सॉफ्टवेअर; पान तयार करणारी त्याची एकेक पीएचपी प्रोसेस ६० एमबी खात असेल तर ४० च्या वर झेपत नाहीत. प्रीफोर्कमध्ये, म्हणजे प्रत्येक विनंतीला वेगळी प्रोसेस देणाऱ्या अपाचेच्या पद्धतीत, मूळ मर्यादा मात्र २५६! निकालाला गर्दी झाली की मशीन स्वॅपवर जातं, म्हणजे मेमरी संपून संथ डिस्क वापरू लागतं, मग रीस्टार्ट करा नाहीतर नारळ फोडा. मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स, म्हणजे ही मर्यादा ठरवणारी सेटिंग, ४० वर आणा.

बॅकअप त्याच डिस्कवर असेल तर तो बॅकअपच नव्हे. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा, कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करून, आणि महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनवर उतरवून बघा. डंप, म्हणजे डेटाबेसची काढलेली प्रत, अर्धवट असेल तर तिथंच कळतं.