पलीकडची बस आपली नव्हे

महापालिकेतल्या नव्या खुर्चीत बसलात की पहिल्याच दिवशी नकाशा मागवा. अख्ख्या पुणे महानगर प्रदेशाचा नको. त्यात सुमारे सात हजार चौरस किलोमीटर, दोन महापालिका, तीन कॅन्टोन्मेंट, नगरपालिका आणि शेकडो ग्रामपंचायती एकदम दिसतात, आणि माणसाला उगाच वाटू लागतं की हडपसरला राहून हिंजवडीत कामाला जाणारा माणूस एकाच शहरात राहतो. फक्त आपल्या हद्दीचा नकाशा घ्या. हद्दीबाहेरचा भाग त्यात पांढरा असतो. पांढऱ्या भागात रस्ते नसतात, माणसं नसतात, म्हणून खर्चही नसतो.

मग रस्ता आखायला घ्या. विकास आराखड्यातला रस्ता हद्दीच्या रेषेला टेकवायचा आणि पेन्सिल खाली ठेवायची. आपला चोवीस मीटरचा आहे, पलीकडच्यांनी अठराच धरलाय का, हे विचारायला जाऊ नका. विचारलंत तर पत्र लिहावं लागतं, पत्राला उत्तर आलं तर आराखडे जुळवावे लागतात, आणि ते जुळू नयेत अशी व्यवस्था आधीच केलेली आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा मंजूर झाला २०१७ मध्ये. पिंपरी-चिंचवडचा वेगळा, वेगळ्या वेळापत्रकाचा. बाकी प्रदेशाचा प्रारूप आराखडा पीएमआरडीएने (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) २०२१ मध्ये प्रसिद्ध केला, लोकांनी हरकती-सूचनांचे ढीग घातले, आणि २०२५ मध्ये सरकारने तो रद्दच केला. मधल्या काळात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. त्यामुळे एखाद्या गावचा रस्ता आज नेमका कोणाच्या कागदावर आहे, हे सांगणारा माणूस सापडला तर त्याची बदली होणार नाही एवढं बघा.

नदीवर पूल बांधायचा योग आला तर मधला भाग आधी उरकून घ्या. पात्रात खांब उभे करायला कोणाची जमीन संपादन करावी लागत नाही. जोडरस्त्याला लागते, म्हणून जोडरस्ता शेवटी. शेवटच्या शंभर मीटरचा जागामालक रोख मोबदला मागेल. तुम्ही टीडीआर, म्हणजे पैशाऐवजी दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ करा. तो नाही म्हणेल. इथे थांबायचं. सक्तीच्या संपादनाचा प्रस्ताव पाठवला तर पैसे आधी भरावे लागतात आणि ते अंदाजपत्रकात नसतात, कारण अंदाजपत्रकात ‘पूल’ लिहिलेलं होतं, ‘जमीन’ नव्हतं. दिवे मात्र लावून टाका. पूल सुरू झाला नाही तरी सकाळी फिरायला येणाऱ्यांची सोय होते, आणि नदीपलीकडचं वाकड किंवा बालेवाडी तिथून फार छान दिसतं.

उड्डाणपूल बांधत असाल तर त्याच चौकातून पुढे मेट्रो जाणार आहे का, हे तर अजिबात विचारू नका. विद्यापीठ चौकातला पूल पंधरा वर्षांचाही झाला नव्हता. २०२० मध्ये तो पाडला आणि त्या जागी मेट्रोसकट दुमजली पुलाचं काम काढलं. विचारलं असतं तर एकच पूल झाला असता. न विचारल्यामुळे बांधणे, पाडणे, बांधणे अशी तीन कामं निघाली. निविदा विभागात काम केलेल्यांना यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता पैशाचं. बांधायला मिळणारे आणि चालवायला लागणारे पैसे वेगवेगळ्या झाडांना लागतात, एवढं लक्षात ठेवलं की बाकी आपोआप जमतं. नेहरू अभियानात, म्हणजे शहरांना बांधकामांसाठी पैसे देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, पुण्यासारख्या शहराला केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० आणि पालिकेचे ३० असा हिशोब होता. म्हणजे शंभराची वस्तू तीस रुपयांत. कात्रज–स्वारगेट–हडपसर हा बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, मार्ग २००६ च्या डिसेंबरात सुरू झाला, देशात पहिला म्हणून. मार्गिकेत घुसणारी दुचाकी अडवायला मात्र वॉर्डन लागतो, वॉर्डनला दर महिन्याला पगार लागतो, आणि पगाराला केंद्राचे ५० टक्के कोणी देत नाही. तेव्हा वॉर्डन कमी करा. दुचाक्या घुसतील, बस अडकेल, फेऱ्या कमी होतील. मग मार्गिकेचा उपयोगच होत नाही असा अहवाल घ्या आणि ती उखडा. उखडण्याचं काम भांडवली खर्चात बसवता येतं.

बसकडे जरा जास्त लक्ष द्या, कारण खरं कौशल्य तिथे लागतं. पूर्वी पुण्याची पीएमटी आणि पिंपरीची पीसीएमटी अशा दोन संस्था होत्या. २००७ मध्ये त्या एकत्र करून पीएमपीएमएल (बोलण्यात पीएमपी) ही कंपनी केली आणि संचलनातली तूट वाटून घ्यायचं ठरलं: पुणे महापालिका ६०, पिंपरी-चिंचवड ४०. ठरलेला आकडा असला की दोन्ही बाजूंचा हिशोब सोपा होतो. पुण्याच्या नगरसेवकाने आपल्या वॉर्डात शंभर रुपये तोट्याची नवी फेरी मागून घेतली की चाळीस रुपये पिंपरी भरते. पिंपरीच्या नगरसेवकाने मागितली की साठ पुणं भरतं. म्हणून फेऱ्या मागताना उदार व्हा आणि हप्ता भरताना हिशोब तपासायला मागवा. तूट लेखापरीक्षणानंतरच पक्की होते, आणि डिझेल व सीएनजीची बिलं मात्र लेखापरीक्षणाची वाट पाहत नाहीत.

कोणी शहाणा सुचवेल की ६०:४० सोडा, ज्या महापालिकेच्या हद्दीत जितके किलोमीटर बस धावते तितकी तूट तिने सोसावी. ऐकायला न्याय्य आहे, म्हणून मान डोलवा. पण लगेच आपल्या हद्दीतले किलोमीटर कमी करायला लागा, कारण आता प्रत्येक किलोमीटर तुमच्या खिशातून जातो. पलीकडचेही तेच करतील. दोघं मिळून मार्ग इतके आखडतील की बस हद्दीवर येऊन वळेल. प्रवाशाला उतरून शंभर पावलं चालावं लागेल आणि नवं तिकीट काढावं लागेल, पण तूट कमी झालेली दिसेल. तिसरा पर्याय उत्पन्नाच्या स्रोताचा: बस जाते म्हणून जिथे जमिनीचे भाव वाढतात तिथून थोडा पैसा बसला. मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार २०२२ पासून आहेच. त्याच्या नावात बस नाही, आणि ती तशी नसलेलीच बरी. हा मुद्दा बैठकीत निघाला तर चहा मागवा.

तिसरा वाटेकरीही आहे. पीएमपीच्या बस दोन्ही महापालिकांच्या हद्दी ओलांडून पीएमआरडीएच्या गावांत जातात, आणि ६०:४० चं सूत्र करताना पीएमआरडीए जन्मालाच आली नव्हती; ती २०१५ ची. लांबच्या मार्गावर सकाळी गावातून शहराकडे बस भरून येते आणि परत जाताना निम्मी रिकामी जाते. तो रिकामेपणा कोणाचा, यावर पत्रव्यवहार सुरू ठेवा. पुढे एसटीची हद्द लागते. तिथेही पत्र लिहायला जागा आहे.

मेट्रोचं तर विचारूच नका. वनाज–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट हे मार्ग महामेट्रोचे. हिंजवडी–शिवाजीनगर हा सुमारे २३ किलोमीटरचा तिसरा मार्ग पीएमआरडीएचा, खासगी भागीदारीतला. स्टेशनपासून घरापर्यंत नेणारी पूरक बस मात्र पीएमपीची. चार-पाच किलोमीटरच्या या फेरीत बस सिग्नलला जास्त उभी राहते, किमान भाड्याचेच प्रवासी मिळतात आणि दर किलोमीटरचा खर्च तोच राहतो. प्रवासी मेट्रोला, तोटा पीएमपीला. तेव्हा पहिले काही आठवडे नव्या कोऱ्या बस लावा, फोटो काढा, नंतर त्या गर्दीच्या मार्गांवर वळवा. एकत्रित तिकिटाची मागणी झाली तर कार्ड आणा. कार्ड सोपं आहे, रंगवता येतं. बदलून जाणाऱ्याला दुसरं किमान भाडं माफ करायचं आणि ती सूट कोणी सोसायची, हे अवघड. तो भाग पुढच्या टप्प्यात टाका.

एवढं करून अभ्यास दौऱ्यावर जायचं असेल तर परदेशाची गरज नाही, हिंजवडीला जा. आयटी पार्कातले रस्ते एमआयडीसीचे, आजूबाजूला हिंजवडी, माण, मारुंजीच्या ग्रामपंचायती, नियोजन पीएमआरडीएचं, बाह्यवळण राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं, वाकडच्या बाजूला पिंपरी-चिंचवड महापालिका आणि वाहतूक पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. पावसाचं पाणी हे सगळं न वाचता उताराने वाहतं. ओढा कोणी बुजवला हे विचारण्याआधी, तो कोणाच्या अभिलेखात ओढा होता ते विचारा.

समन्वयाची भीती बाळगू नका. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने एकीकृत वाहतूक प्राधिकरण सुचवलं, २०१७ च्या मेट्रो धोरणाने त्याची अटच घातली. असं प्राधिकरण स्थापन करायचं, फक्त त्याला स्वतःचा निधी, स्वतःचे कर्मचारी आणि कोणाचा प्रस्ताव अडवण्याचा अधिकार, या तीन वस्तू द्यायच्या नाहीत. राज्यघटनेच्या कलम २४३ झेडई मध्ये महानगर नियोजन समितीही आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य महापालिका, नगरपालिकांच्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात. दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकच कारभार पाहत होते. निवडून द्यायला सदस्यच नव्हते म्हटल्यावर घटनेचाही नाइलाज होता.

तरीही एखादा नागरिक अर्ज घेऊन येईलच. पुलाचा जोडरस्ता कधी होणार, पूरक बस कुठे गेली, तूट कोणी थकवली, असं काहीबाही लिहिलेलं असेल. चिडू नका. माहिती अधिकाराच्या कलम ६(३) खाली, माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करायचा असतो. शिपायाला सांगून तो त्याच दिवशी नदीपलीकडच्या कार्यालयात पाठवा. तो महिन्याभरात पीएमआरडीएमार्गे परत तुमच्याच टेबलावर येईल. तेव्हा आवक क्रमांक नवा टाकायचा, जुना खोडायचा नाही.