गड कोणी सर केला?

शनिवारी कलानिधीगड आणि रविवारी राजहंसगड, असा बेत आमच्या मित्रमंडळाने आखला होता. पहिल्या दिवशी कालिवड्याहून चढताना मांड्यांचे जे व्हायचे ते झाले. त्याविषयी लिहीत नाही, कारण सह्याद्रीशी माझे भांडण नाही. माझे भांडण राजहंसगडाच्या दरवाजात बसलेल्या एका काकांशी आहे.

बेळगावनजीक येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर वरपर्यंत गाडीरस्ता जातो, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. तरीही आमच्यातील एका उत्साही मित्राने आडवाटेचा चढ निवडला आणि आयत्या वेळी कंबर धरल्याचे सांगून तो स्वतः गाडीने वर गेला. आम्ही तांबड्या मातीवरून घसरत, आधार म्हणून जे हाताला लागेल ते धरत आणि ते काटेरी निघाले की सोडत, कसेबसे दरवाजाशी पोहोचलो. तिथे काळ्या तटाच्या सावलीत स्कूटर उभी होती आणि काका-काकू स्टीलचा डबा उघडून बसले होते.

“चालत आलासा?” काकांनी विचारले.

“हो.”

“का?”

या प्रश्नाला द्यायला माझ्याजवळ श्वास नव्हता.

“गाडी नाही काय?”

“आहे. खाली ठेवली आहे.”

“बंद पडली काय?”

“नाही हो, चालू आहे.”

“चालू गाडी खाली ठेवून चालत आले म्हणे,” असे त्यांनी काकूंकडे वळून, डॉक्टरने रुग्णाच्या नातेवाइकांना एका बाजूला घेऊन सांगावे तशा आवाजात सांगितले. मग त्यांची नजर माझ्या बुटांवर गेली. किंमत विचारली. मी साडेतीन हजार म्हणताच ते काही क्षण स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिले. काकूंना माझी दया आली असावी. “कुंदा खावा थोडा, ताकद येतंय,” म्हणून त्यांनी डब्याचे झाकण पुढे केले. कुंदा, म्हणजे बेळगावची ती दुधाची मिठाई, उत्तम होता, हे इतक्या रागातही मान्य केले पाहिजे.

“ती काठी जरा द्या बघू,” काका म्हणाले. काठी घेऊन ते बुरुजाशी गेले, माझ्याच बाटलीतले पाणी कपाळावर शिंपडून त्यांनी घामाची सोय केली, एक पाय दगडावर ठेवला आणि काकूंना फोटो काढायला सांगितला.

ते आमच्याच कॉलनीतले निघाले. माकडटोपीशिवाय त्यांना कधी पाहिले नसल्यामुळे मला ओळख पटली नव्हती. संध्याकाळी कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो झळकला: ‘वयाच्या ७१ व्या वर्षी राजहंसगड सर!’ अभिनंदनाचा पूर आला. कोणीतरी विचारले, मागे दगडावर कोणाला चक्कर आली आहे काय? काकांनी तत्परतेने खुलासा केला की एकजण होते, सवय नसावी, त्यांना कुंदा दिला. त्यावर माझ्या पत्नीने ‘ते आमचेच’ असे जाहीर करून काकांसाठी टाळ्याही वाजवल्या.

ज्या गडावर मार्च २०२३ मध्ये शिवरायांच्या एकाच पुतळ्याचे अनावरण एका आठवड्यात दोनदा, दोन वेगवेगळ्या पक्षांच्या हातून झाले, त्या गडावर चढाईचे श्रेय माझ्या नावावर राहील अशी अपेक्षा करणेच भाबडेपणाचे होते. रस्ता झाला याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. सिद्धेश्वराच्या दर्शनासाठी म्हाताऱ्या माणसांनी तंगडतोड का करावी? पण त्याच रस्त्याने वेफर्सची पाकिटे, पाण्याच्या बाटल्या आणि कानठळ्या बसवणारे स्पीकरही वर येतात, आणि तटाच्या प्रत्येक फटीत काहीतरी चुरगाळून कोंबलेले दिसते. आम्ही चालत येणारे लोक स्वतःचा आणि कधीकधी दुसऱ्यांचाही कचरा पिशवीत घालून खाली नेतो. त्याचा फोटो कोणी काढत नाही, आणि काढलाच तर त्यावर एक अंगठासुद्धा उमटत नाही. हे लिहितानाही माझा घसा कोरडा पडतो आहे.

येत्या रविवारी काका कॉलनीतल्या इच्छुकांना महिपालगडावर नेणार आहेत. यादीत माझे नाव त्यांनी न विचारताच घातले असून त्यापुढे ‘गाडीत पुढे बसवावे’ अशी सूचना आहे. काठी मात्र आठवणीने आणायला सांगितली आहे.